एका निनावी चालीची कुळकथा

इ. स. १८५५ मध्ये डब्लिन शहरात आयर्लंडच्या प्राचीन संगीताचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक जॉर्ज पेट्री हे चित्रकार होते, पुराणवस्तूंचे संशोधक होते, आणि लोकांच्या तोंडच्या जुन्या चाली टिपून ठेवण्याचा त्यांना तरुणपणापासून ध्यास होता. चाल कोठून मिळाली, तिला काय म्हणतात, तिच्यावर कोणते शब्द गातात, याविषयी चार शब्द लिहावयाचे आणि मग स्वरलेखन द्यावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. परंतु या ग्रंथातील एका चालीपाशी ही पद्धत अडखळली. त्या चालीला नाव नव्हते आणि शब्दही नव्हते. लंडनडेरी परगण्यातील लिमाव्हाडी गावच्या मिस जेन रॉस यांनी ती पाठविली होती. ती फार जुनी आहे, यापलीकडे बाईंनी काही कळविले नव्हते. पेट्रींनी त्यांचे मनापासून आभार मानले, नाव मिळाले नाही याची खंत नोंदविली, आणि चाल जुनी आहे या मताला आपली संमती दिली.

हीच ती चाल, जी पुढे ‘लंडनडेरी एअर’ या नावाने सर्व जगात पसरली. ‘डॅनी बॉय’ हे इंग्रजी गीत ज्यांच्या कानांवरून गेले असेल, त्यांनी ती ऐकलेली आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर तिचे सारे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल थाटाचे आहेत. मंद्र निषादावरून षड्ज, ऋषभ अशी पावले टाकीत ती गांधारावर येते आणि पहिल्या ओळीच्या अखेरीस मंद्र धैवतापर्यंत खाली उतरते. दुसऱ्या भागात ती पंचमावरून उठते, तार षड्जाला जाऊन येते, आणि तिसऱ्या ओळीत एकदाच, अगदी एकदाच, तार गांधाराला स्पर्श करते. शेवटची ओळ पुन्हा मंद्र निषादावरून, जेथून आरंभ झाला तेथूनच, सुरू होते आणि षड्जावर विसावते. मंद्र धैवतापासून तार गांधारापर्यंत हा दीड सप्तकाचा पल्ला आहे. एखाद्या साध्या ग्रामगीताला एवढा पल्ला पेलेल काय, हा प्रश्न मनात येतोच. तो प्रश्न पुढे अनेकांच्या मनात आलाही, आणि त्यातूनच या चालीचे कुळ शोधण्याचा खटाटोप सुरू झाला.

त्या खटाटोपाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती केवळ एका चालीची हकीकत नाही. तीत एका बाईच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नही गुंतलेला आहे.

प्रथम स्थळ पाहू. आयर्लंडच्या उत्तर टोकाला रो नावाची एक नदी वाहते. तिच्या काठी लिमाव्हाडी हे गाव आहे. तेथून उत्तरेकडे समुद्राच्या बाजूस गेले, की बिनेव्हेना नावाच्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी मॅगिलिगनची सपाट भूमी लागते. हा सारा मुलूख सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ओकाहन नावाच्या गेलिक सरदार घराण्याच्या ताब्यात होता. इंग्रजी सत्तेने त्या घराण्याचा पाडाव केला. त्याचा शेवटचा मोठा सरदार लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत मरण पावला. त्याची भूमी इंग्रज आणि स्कॉटिश वसाहतवाल्यांना वाटून देण्यात आली, आणि लंडनमधील व्यापारी संघांनी या वसाहतीत पैसा घातला म्हणून १६१३ मध्ये डेरी या जुन्या नावाला ‘लंडन’ हे नाव जोडले गेले. तेव्हापासून तेथे काहीजण ‘डेरी’ म्हणतात, तर काहीजण ‘लंडनडेरी’. कोण कोणते नाव उच्चारतो, यावरून त्याचा पक्ष ओळखता येतो. म्हणजे या चालीला स्वतःचे नाव तर नव्हतेच; पण ज्या परगण्याच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली, तेही वादग्रस्त होते.

आता काळ पाहू. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. पुढल्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. जी मेली आणि जी गेली, ती बहुतांशी गरीब खेडूत होती, आणि देशाच्या जुन्या चाली त्यांच्याच कंठात होत्या. पेट्रींनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत या मुक्या झालेल्या देशाविषयी फार कळवळून लिहिले आहे. शेतांतून आणि वाटांवरून जे गाणे सहज कानी पडे, ते थांबले होते. १८५१ मध्ये आयरिश चालींचे जतन व प्रकाशन करण्यासाठी डब्लिनला एक मंडळ स्थापन झाले आणि पेट्री त्याचे अध्यक्ष झाले, ते या पार्श्वभूमीवर. घराला आग लागली असता हाताला लागेल ती वस्तू बाहेर काढावी, तसे हे काम होते. अशा वेळी वस्तू कोणाची, हे विचारावयाचे राहून जाते.

जेन रॉस या १८१० साली जन्मलेल्या, लिमाव्हाडीच्या मुख्य रस्त्यावरील घरात राहणाऱ्या, अविवाहित बाई होत्या. आपल्या परगण्यातील अप्रकाशित चालींचा त्यांनी मोठा संग्रह केला होता आणि तो त्यांनी पेट्रींच्या स्वाधीन केला. त्यांनी त्यावर मानधन मागितले नाही की मानही मागितला नाही. १८७९ मध्ये त्या वारल्या, तेव्हा आपण पाठविलेल्या एका चालीने पुढे काय करावयाचे आहे, याची त्यांना कल्पनाही नसेल.

कारण पुढे त्या चालीने खरोखरच नवल केले. कवींनी तिच्यावर गीते रचली. चार्ल्स स्टॅनफर्ड यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या ‘आयरिश ऱ्हॅप्सडी’त ती वाद्यवृंदाला दिली. पर्सी ग्रेंजर यांनी तिची नाना वाद्यांसाठी मांडणी केली आणि शीर्षकात ‘काउंटी डेरी’ असे लिहून लंडनला रजा दिली. चाल जसजशी थोर होत गेली, तसतसा लोकांचा प्रश्न वाढत गेला, की ही रचिली कोणी? आणि जेथे उत्तर नसते, तेथे कथा उगवते.

यांतील दोन कथा आजही सांगितल्या जातात. पहिली अंध रोरीची. रोरी डॉल ओकाहन हा सतराव्या शतकातील नामांकित हार्पवादक, त्याच ओकाहन कुळातला. ‘डॉल’ म्हणजे आंधळा. त्याने आयुष्याचा बराच काळ स्कॉटलंडात सरदारांच्या घरी वाजवीत घालविला. आपल्या कुळाची भूमी गेली या दुःखात असता एका रात्री स्वप्नात त्याला ही चाल ऐकू आली, आणि जागा होताच त्याने ती हार्पवर उतरविली, असे सांगतात. म्हणून काहीजण तिला ओकाहनांचा विलाप म्हणतात.

दुसरी कथा जिमी मॅकरी नावाच्या अंध फिडलवादकाची. १८५१ सालच्या एका बाजाराच्या दिवशी तो लिमाव्हाडीच्या रस्त्यावर, रॉसबाईंच्या घरासमोर वाजवीत बसला होता. बाईंनी चाल ऐकली, खाली येऊन ती पुन्हा पुन्हा वाजवून घेतली आणि लिहून काढली. जाताना त्यांनी त्याच्या हातावर एक नाणे ठेवले. आंधळ्याने ते चाचपून पाहिले, तर नेहमीच्या पेनीऐवजी तो दोन शिलिंगांचा फ्लोरिन निघाला. बाईंची चूक झाली असे समजून तो नाणे परत करावयास गेला; परंतु बाईंनी ते घेतले नाही.

श्रोतेहो, दोन्ही कथा गोड आहेत. दुसरी तर अशी आहे, की ती खरी असावी असे वाटते. परंतु वाटणे निराळे आणि पुरावा निराळा. रोरीच्या स्वप्नाला त्याच्या काळातील कसलाही लेखी आधार नाही. मॅकरीची कथा त्याच्या वंशजांनी जपली. पण पेट्रींच्या ग्रंथात ना फिडलवादक आहे, ना बाजार, ना नाणे. रॉसबाईंनी कोणाकडून चाल घेतली, हे त्यांच्या हस्ताक्षरात कोठेही उरलेले नाही.

येथूनच कथेला दुसरे वळण लागले. पेट्रींच्या ग्रंथापूर्वी याच रूपात ही चाल लिहिल्याची दुसरी नोंद सापडत नाही. इतर संग्राहक त्याच मुलखात हिंडले. त्यांच्या हाती ती लागली नाही. तिच्या चरणांची लांबी नेहमीच्या गेलिक गीतांना जुळत नाही. तिची घडण, तो तार गांधारावरचा कळस, हे सारे खेडुतापेक्षा पियानोपाशी बसलेल्या सुशिक्षित माणसाचे अधिक वाटते. मग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही जाणकार उघड म्हणू लागले, की ही लोकांची चाल नव्हेच. म्हणजे काय? ती कोणी तरी नव्याने रचली आणि जुनी म्हणून पुढे केली. आणि तो कोणी तरी म्हणजे कोण, हे न बोलताही समजण्यासारखे होते. लिमाव्हाडीच्या त्या बाई, ज्यांना जाऊन अर्धे शतक लोटले होते, त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूने बोलणारा साक्षीदार एकच होता, आणि त्याचेच नाव त्यांनी लिहून ठेवले नव्हते.

या ठिकाणी एका निराळ्या संग्राहकाकडे वळले पाहिजे. जुलै १७९२ मध्ये बेलफास्ट शहरात आयर्लंडच्या उरल्यासुरल्या हार्पवादकांचा एक मेळावा भरला. एके काळी गेलिक दरबारात हार्पवादकाला कवीच्या खालोखाल मान असे. परंतु सरदार गेले, दरबार गेले, आणि वादक खांद्यावर वाद्य घेऊन घरोघर हिंडू लागले. मेळाव्याला जेमतेम दहा आयरिश वादक जमले, त्यांतले कित्येक अंध होते. त्यांच्या चाली लिहून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला नेमण्यात आले. त्या चार दिवसांनी त्याच्या आयुष्याला दिशा दिली. १७९६, १८०९ आणि १८४० असे तीन संग्रह त्याने प्रसिद्ध केले. शेवटच्या संग्रहात तर कोणती चाल कोणत्या वादकाकडून आणि कोणत्या साली मिळाली, याची सूचीच त्याने जोडली. इतर बाबतींत बंटिंगने चालींवर पुष्कळ संस्कार केले, त्यांना पियानोचा साज चढविला. पण देणाऱ्याचे नाव लिहावे, हे भान त्याने शेवटी तरी ठेवले.

बेलफास्टच्या त्या मेळाव्यात सर्वांत वृद्ध वादक होता डेनिस हेम्सन. त्याचे वय त्या वेळी सत्याण्णव होते असे सांगतात. तिसऱ्या वर्षी देवी येऊन त्याचे डोळे गेले. बाराव्या वर्षी तो हार्प शिकू लागला, आणि त्याची पहिली गुरू होती ब्रिजेट ओकाहन नावाची स्त्री. कॉर्मक ओकेली या कारागिराने १७०२ साली घडविलेली हार्प त्याने जन्मभर वाजविली. १७४५ मध्ये एडिंबरो येथे राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याच्यासमोर त्याचे वादन झाले होते. त्या मेळाव्यात पितळेच्या तारा वाढविलेल्या नखांनी छेडण्याची जुनी पद्धत एकट्या हेम्सनने राखली होती. इतर वादक बोटांच्या पेरांनी वाजवीत. पितळी तारेचा नाद फार वेळ रेंगाळतो. म्हणून एक सूर छेडताना आधीचा सूर बोटाने हलकेच मिटवावा लागतो. हे कसब हेम्सनबरोबर जवळजवळ संपले. आणि हा हेम्सन राहावयास कोठे होता? मॅगिलिगन येथे, रॉसबाईंच्या लिमाव्हाडीच्या शेजारी. तेथेच १८०७ मध्ये तो वारला, म्हणजे रॉसबाईंच्या जन्माआधी केवळ तीन वर्षे.

ही दोन टोके जुळविण्याचे काम हळूहळू झाले. १९३४ मध्ये अ‍ॅन गिलख्रिस्ट या इंग्लंडातील लोकगीतांच्या विदुषीने एक मार्मिक सूचना केली. त्यांचे म्हणणे असे, की रॉसबाईंनी स्वर बरोबर टिपले, पण लय चुकीची टिपली. वादक ही चाल फार मोकळेपणाने, स्वर लांबवीत, ठाय लयीत वाजवीत असला पाहिजे. मूळ चाल तीन-तीन मात्रांच्या वजनाची असावी. परंतु ती इतकी ताणली गेली, की ऐकणारीने ती चार-चार मात्रांच्या चौकटीत बसविली. आपल्याकडे विलंबित लयीतील एखादी चीज ज्याला तालाचा अंदाज नाही त्याने कागदावर मात्रा मोजून उतरवावी, तसा हा प्रकार. गिलख्रिस्टबाईंनी चाल पुन्हा तीन मात्रांत बसवून दाखविली. आणि तशी बसविताच तिचे नवखेपण मावळले, ती इतर आयरिश चालींच्या कुटुंबातली दिसू लागली.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९७४ मध्ये, ह्यू शील्ड्स या संशोधकाच्या लक्षात आले, की गिलख्रिस्टबाईंनी सुधारलेल्या या रूपाशी मिळतीजुळती एक चाल बंटिंगच्या १७९६ च्या संग्रहात आहे. तिचे आयरिश नाव ‘आश्लिंग अन ओगिर’, म्हणजे ‘तरुणाचे स्वप्न’. ती बंटिंगने घेतली होती डेनिस हेम्सनकडून. पुढे २००० साली ब्रायन ऑडली यांनी या प्रश्नावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. ‘डॅनी बॉय’मध्ये जो उंच स्वरांचा भाग सर्वांना मोहवितो, तो मूळ चालीच्या पालुपदातून हळूहळू मुख्य चालीत शिरला असावा, असे त्यांनी दाखविले. याच चालीवर एडवर्ड फिट्झसिमन्स यांनी रचलेले एक गीत १८१४ मध्येच छापले गेले होते, हेही त्यांनी उजेडात आणले. बाराव्या शतकातील डेव्होर्गिला नावाच्या आयरिश राणीचा पापनिवेदनाचा प्रसंग त्या गीताचा विषय आहे. १८१४ साली जेन रॉस चार वर्षांच्या होत्या.

आता या साऱ्यावरून काय सिद्ध होते, आणि काय होत नाही, हे नीट वेगळे केले पाहिजे. ‘तरुणाचे स्वप्न’ ही चाल आणि लिमाव्हाडीची चाल यांच्यात नाते आहे, असे म्हणावयास चांगला आधार मिळाला. त्या नात्याची भौगोलिक वाटही स्वाभाविक आहे. मॅगिलिगनच्या झोपडीतून लिमाव्हाडीच्या बाजारात चाल यावयास समुद्र ओलांडावा लागत नाही. रॉसबाईंनी चाल स्वतः रचून जुनी म्हणून खपविली, हा संशय त्यामुळे फार दुबळा झाला. ती जुनी आहे, हे त्यांचे दोन शब्दांचे निवेदन दीडशे वर्षांनंतर बरेचसे खरे ठरले. परंतु हेम्सनच्या तारांपासून रॉसबाईंच्या लेखणीपर्यंत ती कोणकोणत्या हातांतून आली, हे यावरून समजत नाही. मधली पन्नास-साठ वर्षे तशीच अंधारात आहेत. हेम्सनची पहिली गुरू ओकाहन कुळातील होती, म्हणून अंध रोरीचे स्वप्न खरे ठरत नाही. मॅकरी लिमाव्हाडीला वाजवीत असे, म्हणून तोच तो वादक होता असेही ठरत नाही. स्वतः हेम्सननेही ही चाल रचली असे कोणी म्हणत नाही. त्यानेही ती कोणाकडून तरी घेतलेली असणार.

यात सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट मला गिलख्रिस्टबाईंची वाटते. त्यांचे अनुमान खरे धरले, तर ज्या संथ, गंभीर चालीने जगाच्या डोळ्यांत पाणी आणले, ती तशी कोणीच रचलेली नाही. हार्पवादकाने तिला एक रूप दिले. तिच्यावर गाणाऱ्यांनी पालुपदाचा उंच सूर तिच्या अंगात मुरविला. एका अनामिक वादकाने ती मनसोक्त लांबविली. आणि ऐकणाऱ्या बाईने ते लांबविणे हीच तिची लय समजून कागदावर कायम केली. एकाची लहर आणि दुसरीची चूक यांतून ती सिद्ध झाली. मग कर्ता कोणाला म्हणावे? आपल्या ख्यालांच्या बंदिशींत ‘सदारंग’ अशी मुद्रा गुंफलेली असते, तेव्हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. ओकॅरोलन हा आयरिश हार्पवादकही आपल्या चालींना आश्रयदात्यांची नावे देत असे, म्हणून त्याच्या चाली आज त्याच्या म्हणून ओळखता येतात. परंतु ज्या चाली माणसाकडून माणसाकडे जाता जाताच घडतात, त्यांच्यावर मुद्रा उमटवावयाची तरी कोणी आणि कोणत्या क्षणी?

म्हणून त्यांच्या बाबतीत कर्त्याच्या नावापेक्षा देणाऱ्याचे नाव अधिक मोलाचे असते. कर्ता नाही तर नाही. पण अमुक दिवशी अमुक माणसाने ही माझ्या हाती दिली, एवढे लिहिले असते, तर शंभर वर्षांचा वाद उद्भवला नसता, आणि एका सज्जन बाईच्या शब्दावर संशयाची सावली पडली नसती. रॉसबाईंनी चाल वाचविली, हे त्यांचे ऋण थोर आहे. तथापि चाल लिहिताना माणूस लिहावयाचा राहिला, आणि त्याची किंमत त्या माणसाने तर दिलीच, पण बाईंनाही द्यावी लागली.

हा विसर पुढेही चालूच राहिला. ‘डॅनी बॉय’चे शब्द फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाने १९१० मध्ये लिहिले, तेव्हा ते या चालीसाठी नव्हते. दोन वर्षांनी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून त्यांच्या भावजयीने, मार्गारेट वेदर्ली यांनी, ही चाल त्यांना कळविली. वेदर्लींनी शब्द तिच्यावर बसविले आणि १९१३ मध्ये गीत प्रसिद्ध झाले. गीतावर वेदर्लींचे नाव आले. ज्या मार्गारेटबाईंमुळे शब्द आणि सूर यांची गाठ पडली, त्यांचे नाव त्यावर आले नाही. आयर्लंडच्या उत्तरेत उमटलेली चाल अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशातून इंग्लंडला परत आली, ती कोणाच्या तरी कंठातून आली असणार. त्याही कंठांची नोंद नाही.

आणि तरीही या निनावीपणाने त्या चालीचे एक भलेही केले आहे. उत्तर आयर्लंडात ध्वज कोणता, गीत कोणते, नाव कोणते, या प्रत्येक गोष्टीवर दोन पक्ष आहेत, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या तीस वर्षांत त्या भेदापायी हजारो माणसे प्राणांस मुकली. अशा भूमीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील विजेत्यासाठी जी चाल वाजविली जाते, ती हीच. परगण्याला डेरी म्हणणारा आणि लंडनडेरी म्हणणारा, दोघेही ती आपली समजतात. ती ओकाहनांच्या विलापाची म्हणून नक्की सिद्ध झाली असती, तर कदाचित एका पक्षाने ती टाकली असती. वसाहतवाल्या कुटुंबातील बाईने ती रचली असे ठरले असते, तर दुसऱ्याने. ती कोणाचीच ठरली नाही, म्हणून ती सर्वांची राहिली.

परंतु यावरून नाव विसरण्याचे समर्थन करू नये. पेट्रींच्या ग्रंथातील त्या पानाकडे पुन्हा पाहिले, म्हणजे मला त्यात एक गोष्ट फार आदरणीय वाटते. त्यांना एखादे शोभिवंत आयरिश नाव सहज देता आले असते, एखादी दंतकथा जोडता आली असती. वाचकांनी ती आनंदाने मानली असती. त्यांनी तसे केले नाही. नाव समजले नाही, एवढेच त्यांनी लिहिले. रॉसबाईंनीही ज्ञात होते त्याहून एक अक्षर अधिक सांगितले नाही. त्या रिकाम्या जागेमुळेच पुढल्या संशोधकांना शोध घेता आला. ती खोट्या नावाने भरली गेली असती, तर शोध तेथेच थांबला असता, आणि मॅगिलिगनच्या आंधळ्या वृद्धाकडे कोणाची पावले वळली नसती.

पुढल्या वेळी ही चाल आपल्या कानी पडेल, तेव्हा दुसऱ्या भागातील त्या एका उंच सुराकडे लक्ष द्यावे. त्या सुरापर्यंत चाल आणणाऱ्यांपैकी आपणांस आज दोघातिघांची नावे सांगता येतात. बाकीचे तेथेच, त्या सुराच्या मागे, उभे आहेत. आपल्या घरी, आपल्या गावी अजून जे कोणी म्हातारे माणूस एखादी जुनी चाल गुणगुणत असेल, तिचे स्वर टिपावेत, आणि त्याआधी त्या माणसाला त्याचे नाव विचारावे.